बागवान सरांची हजेरी

आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या बागवान सरांनी एक अख्खं सत्र एकाच शब्दावर काढलं, आणि तो शब्द तरी कसला, तर 'कम'. कम म्हणजे ये. अंगणवाडीतल्या पोराला येतो तो शब्द बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शिकवायचा आणि वर पगारही घ्यायचा, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले होते. सर हसले. "मॅडम, शिकवून झाला की सांगतो तुमाला. अजून मलाच तो पुरता आलेला न्हाई."

मी मराठीची. माहेर अंबाजोगाईचं, मराठीच्या आद्यकवीचं गाव, त्यामुळे भाषेचा तोरा थोडा जास्तच. नोकरी लागली ती आष्टीला, आणि नशिबी वर्ग आला तो सरांच्या वर्गाला लागून. मधे प्लायवूडचं पार्टिशन. इकडे मी विरहिणी समजावून सांगतेय, पोरींचे डोळे जरा कुठे ओले व्हायला लागलेत, की पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "कम! कम!" कोंबड्या गोळा करतोय की काय हा माणूस! माझा सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा आणि माझी विरहिणी तिथंच बसायची. पहिलं वर्षभर मी सरांशी धड बोललेसुद्धा नाही.

त्यांना काही फरक पडायचा नाही म्हणा. गडी मोठा निवांत. पांढराशुभ्र शर्ट, पोट जरा पुढे, खिशात पेनाशेजारी फळं कापायचा छोटा चाकू. बागवान म्हणजे फळवाले. सरांच्या वडिलांचा एसटी स्टँडसमोर गाडा होता, पुढे तो थोरल्या भावानं चालवला. सर त्या गाड्यावरच वाढले, तिथंच बसून शिकले. स्टाफरूममध्ये आले की आधी पिशवीतून पेरू निघायचा, नाहीतर बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं. पेरू कापून सगळ्यांच्या हातावर फोड ठेवायची, मगच स्वतः खायचं. माझ्याशी बोलणं नव्हतं त्या वर्षीसुद्धा माझ्या टेबलावर फोड यायची. मी ती खायचेही. राग माणसावर होता, पेरूवर नाही.

आवाजाचं विचारलं तर सर म्हणायचे, "आमचे अब्बा गाड्यावर 'या, या' म्हणायचे ना मॅडम, तर पार पलीकडच्या फलाटावरचं गिऱ्हाईक वळून बघायचं. घ्यायचं नसलं तरी बघायचं. हाक अशी पायजे. मी इंग्रजी कविता वाचायला लागलो तवा मला वाटलं, आरं, हे तर आपल्या घरचंच काम हाय."

पार्टिशनचा एक फायदा असा की नको असलं तरी ऐकू यायचं. माझा तास नसला की मी वह्या तपासायचं निमित्त करून रिकाम्या वर्गात बसायचे. सरांना हे ठाऊक होतं, हे मला पुढे कळलं.

"ऐका रे," सर पलीकडे सांगत असायचे. "इंग्रजी कवी कवितेच्या पैल्याच शब्दाला 'कम' कावून म्हणतो? एखादा पोरीला म्हणतो, ये, तुला हे देतो, ते देतो. त्यानं दुकान मांडलंय, चांगलं हाय. एखादा रातभर तळमळत पडलाय, तो झोपेला म्हणतो ये. एखादा वाऱ्याला म्हणतो. एखादा तर लई दमलाय, तो मरणालाच म्हणतो, ये बाबा एकदाचं. आता मला सांगा, झोप अशी बोलावून येती का? वारा येतो का?"

"न्हाई सर!"

"त्याला बी ठाऊक हाय की न्हाई येणार. तरी हाक मारतोय. म्हणून ती कविता. येणारच असतं तर त्यानं निरोप धाडला असता, कविता कशाला लिवली असती?"

मी वही मिटून ठेवली. अंबाजोगाईच्या तोऱ्याला जरा धक्काच बसला, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी नाटकं. जुन्या इंग्रजी नाटकांत म्हणे दोघंजण उभे असतात, बोलणं संपतं, एक दुसऱ्याला म्हणतो 'कम', आणि दोघं निघून जातात. "बघा, चाललेत जायला आणि म्हणतात ये! येडे हायत का ते?" सरांनी दाराकडे बोट दाखवलं. "आरं, तुमी घरातून निघताना काय म्हणता?" तेव्हा कुठे सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "येतो!" सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "मग? येडे ते न्हाईत, आणि तुमी बी न्हाई."

आपल्याकडे कुणी उंबऱ्याबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही. म्हणालंच तर आतून कुणीतरी डाफरतं. ही आपली साधी रीत, तिच्याकडे कुणी लक्षसुद्धा देत नाही. सरांनी मात्र तिच्यावर सगळा संसार थाटला होता. त्यांच्या वर्गातून बाहेर पडताना पोरांनी इंग्रजीत 'आय कम, सर' म्हणायचं. इंग्रजीत हे धडधडीत चूक. सर पहिल्याच दिवशी सांगायचे, "ही चूक हाय. पेपरात लिवायची न्हाई. पण माझ्या दारातून जाताना हीच चूक करायची, मी ती दुरुस्त करणार न्हाई." प्राचार्यांनी यावरून त्यांना दोनदा बोलावून झापलं. सर गेले, पेरू देऊन आले.

हजेरीचंही तसंच. नंबर पुकारायचे नाहीत. "कम, भाऊसाहेब!" असं नाव घ्यायचे, आणि पोरानं 'प्रेझेंट' न म्हणता "आलो!" म्हणून ओरडायचं. पोरींनी "आले!" सरांना त्याचं फार कौतुक. "मॅडम, आपली आई चुलीपुढून उठलेली बी नसती आणि म्हणती, आले गं! इंग्रज म्हणतो येतोय, येतोय. आपला माणूस निघायच्या आधीच आलेला असतो." मी म्हणाले, "म्हणूनच आपल्याकडे कुणी वेळेवर पोहोचत नाही." हा टोला त्यांना इतका आवडला की पुढे महिनाभर ते तो माझ्या नावानं सगळ्यांना सांगत होते. तिथून आमचं जमलं.

त्या 'आय कम'चं एकदा रामायण झालं. हजेरीतला तो भाऊसाहेब बी.ए. झाल्यावर पुण्याला कुठल्याशा कंपनीत मुलाखतीला गेला. सगळं व्यवस्थित झालं आणि निघताना सवयीनं बोलून बसला, "आय कम, सर." समोरच्यांना वाटलं याला अजून काही सांगायचंय. ते बसून राहिले, हा उभा राहिला. मग कुणीतरी खुदकन हसलं. नोकरी गेली. पोरगा तिथून एसटीनं जो निघाला तो थेट आमच्या स्टाफरूममध्ये, भांडायला.

"सर, तुमच्यापायी हसू झालं माझं! कावून शिकवलं असलं?"

सरांनी पिशवीतलं चांगलं पिकलेलं सीताफळ फोडलं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. आता सीताफळ खाताना माणसाला नीट भांडता येत नाही. बिया थुंकाव्या लागतात. पोरगा एक वाक्य बोलायचा, बी थुंकायचा, पुन्हा बोलायचा. सर मान हलवत ऐकत होते. सीताफळ संपलं तसं भांडणही संपलं. सर म्हणाले, "चूक झाली तुझी, आणि माझी बी. पुढच्या बारीला गप नमस्कार कर आणि नीघ." पोरगा हात पुसून उठला, दारात गेला, आणि जाता जाता पुन्हा म्हणाला, "आय कम, सर." मग जीभ चावली. आम्ही सगळे इतके हसलो की शिपाई धावत आला. नोकरी त्याला पुढे बीडला लागली, आणि तो तालुक्याला आला की सरांना भेटल्याशिवाय परत जायचा नाही.

आता द्वारकाचं सांगते. सर म्हटलं की मला सगळ्यात आधी तीच आठवते.

द्वारका डोंगराकडच्या एका वाडीची. त्या वाडीतली बहुतेक घरं दिवाळी झाली की कुलपं लावून ऊसतोडीला जायची, पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर, ती थेट उन्हाळ्यात परत. द्वारकाचं घर मात्र थांबायचं, कारण त्यांच्याकडे दोन गाई होत्या आणि गावात सहकारी दूध संस्था होती. सकाळी ही संस्थेत दूध घालायची आणि संस्थेच्याच टेंपोत, कॅनच्या मधे बसून कॉलेजला यायची. ओढणीला दुधाचा वास असायचा. हजेरीला सगळ्यात मोठं "आले!" हिचंच. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी त्या वाडीतली ती पहिली पोरगी. सर म्हणायचे, "ही एम.ए. होणार, आणि मी रिटायर झालो की माझ्या खुर्चीवर बसणार. मी खुर्ची पुसून ठेवलीय."

ती तिसऱ्या वर्षाला आली आणि त्या साली पाऊसच आला नाही. श्रावण कोरडा गेला, पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं. गणपतीनंतर टँकर सुरू झाले. गाई चारा छावणीत गेल्या, दूध आटलं, आणि एक दिवस दूध संस्थेचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. टेंपो बंद. द्वारका तरी कॉलेजला येत राहिली, कधी चालत, कधी कुणाच्या मोटारसायकलवर. पण दिवाळी जवळ आली तसं तिचं "आले!" बारीक व्हायला लागलं. पार्टिशनच्या अलीकडून मला ते कळत होतं.

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, एक ऊस तोडणार आणि दुसरं त्याच्या मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहणार. द्वारकाच्या आईची कंबर गेलेली. वडलांना छावणीत गाईंपाशी राहणं भाग. उरला भाऊ सोपान, आणि त्याच्या जोडीला ही. दोघं भाऊबहीण मिळून एक कोयता. तोड चालणार उन्हाळ्यापर्यंत, आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याच्या आत. सगळं वर्ष, नव्हे तिन्ही वर्षं, तिथं अडली होती.

सरांची एक पद्धत होती. दिवाळीनंतर टोळ्यांच्या ट्रका स्टँडपाशी चहाला थांबायच्या, तेव्हा सर भावाच्या गाड्यापाशी उभे राहायचे. आपले विद्यार्थी हुडकायचे, प्रत्येकाच्या हातात फळ द्यायचे आणि त्याच्याकडून 'येतो' वदवून घ्यायचे. मगच ट्रक सोडायचे. ड्रायव्हर लोकांनाही हे माहीत झालं होतं, ते हॉर्न न वाजवता थांबायचे.

त्या सकाळी मी बीडची एसटी धरायला स्टँडवर होते. ट्रकमध्ये भांडी, अंथरुणं, शेळ्या, आणि सगळ्यात वर द्वारका. सरांनी खालून पेरू वर केला. तिनं वाकून घेतला.

"बोल," सर म्हणाले.

द्वारका म्हणाली, "जाते, सर."

ट्रकमधल्या एका म्हातारीनं तोंडावर हात नेला. सोपान बहिणीवर खेकसला, "असं काय बोलतीस गं, निघताना!"

"मग काय बोलू?" ती म्हणाली. रडत नव्हती, सरळ सरांकडे बघत होती. "परीक्षेला फड सोडला तर सोपानचं काम बसतंय. एकट्याला मुकादम उभा बी करत न्हाई, दोघांचा खाडा धरतो. मग येते कशी म्हणू? सरांशी खोटं बोलू का?"

ट्रक निघाला. सर तसेच उभे. मी त्यांना हसताना पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं, पण पडलेला चेहरा पहिल्यांदाच पाहिला. भावानं "चल, बस जरा" म्हणून त्यांना स्टुलावर बसवलं. माझी एसटी लागली होती, मी गेले.

त्यानंतर हजेरी ऐकवेना. वर्ग निम्मा रिकामा. सर मात्र सगळी नावं घ्यायचे, आणि त्यात हेही, "कम, द्वारका." मग थांबायचे. तेवढा वेळ माझ्याही वर्गात शांतता पसरायची, कारण माझी पोरंही ऐकत असायची. मग पुढचं नाव. रोज. संक्रांत झाली, थंडी सरली, तरी रोज. टोळीला गेलेल्या पोरांच्या हजेरीकडे आमच्याकडे कुणी डोळे वटारून पाहत नसे, नाहीतर वर्गच उरले नसते. परीक्षेचा फॉर्मही सरांनी तिच्याकडून दिवाळीआधीच भरून घेतला होता. सगळं होतं, फक्त पोरगी नव्हती.

एक दिवस माझं डोकं सटकलं. मी स्टाफरूममध्ये शिरले आणि म्हणाले, "सर, बास झालं आता! तुम्हीच सांगता ना, जे येणार नाही त्याला हाक मारली की कविता होते? झाली तुमची कविता. सगळ्या कॉलेजनं ऐकली. त्या पोरीला तिचा काय उपयोग?"

सर पेरू कापत होते. चाकू थांबला. मला वाटलं आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा चिडणार. पण ते म्हणाले, "बरोबर हाय मॅडम तुमचं. कवितेनं भागत न्हाई हिथं." आणि पेरू तसाच टाकून उठून गेले. सरांनी पेरू टाकून जाणं म्हणजे काय, हे आमच्या स्टाफरूमला विचारा.

रविवारी ते एसटीनं त्या फडावर जाऊन आले. सोमवारी मला पार्टिशनपाशी गाठून म्हणाले, "मुकादमाशी बोललो. माणूस वाईट न्हाई. म्हणतो, पोरगी न्या की परीक्षेपुरती, पण तिच्या जागेवर माणूस उभा करा. कोयता मोडला न्हाई पायजे."

"मग कोण मिळालं?"

"मी हाय की."

मी अक्षरशः कपाळाला हात लावला. पोट सुटलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस, ज्यानं उभ्या जन्मात पेरूपेक्षा जड काही कापलं नाही, तो उसाच्या मोळ्या वाहणार! मी म्हणाले, "सर, मजूर बघा कुणीतरी." ते म्हणाले, सगळीकडे विचारून पाहिलं, तोडीचा जोर असताना मोकळा माणूस कुठून मिळणार? जे होते ते सगळे आधीच फडात होते.

प्राचार्यांकडे रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. प्राचार्यांचा विषय सहकार. दर वर्षी सहकार सप्ताहात आमच्या डोक्यावर त्यांचं ठरलेलं भाषण. ते तडकले, "परीक्षेच्या दिवसांत रजा? सुपरव्हिजन कोण करणार? आणि कारण काय लिहिलंय हे, ऊसतोड?"

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्याच विषयाचं प्रॅक्टिकल करायला चाललोय."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला आणि म्हणाले, "सरांच्या सगळ्या सुपरव्हिजन माझ्याकडे द्या." प्राचार्य आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी सही केली, वर म्हणालेही, "टोपी न्या बागवान, ऊन फार आहे." माणूस तसा चांगलाच होता.

द्वारका माझ्याकडे उतरली. चार महिन्यांत पोरगी काळवंडून गेली होती. उसाच्या पाल्यानं हातावर बारीक बारीक चरे पडलेले, बोटं इतकी ताठ की पेन धरता येईना. मी कोमट तेल लावून दिलं. रोज संध्याकाळी सरांच्या घरून भाभी डबा पाठवायच्या, एकदा स्वतः आल्या. मी म्हणाले, "भाभी, तुम्ही अडवलं नाही सरांना?" त्या म्हणाल्या, "उनो किसकी सुनते क्या मॅडम? जाते जाते बोले, आता हूं. मैं बोली, आव फिर, खाली हात मत आव, गन्ना लेके आव." आणि खदखदून हसल्या. द्वारका काही हसली नाही. तिचं सगळं लक्ष फडाकडे. पेपर देऊन आली की पहिला प्रश्न, "सरांचं काय कळलं का?" कळायचं ते ट्रकवाल्यांकडून, स्टँडवर. एक ड्रायव्हर सांगून गेला, "मास्तर टिकलाय, पण त्याची मोळी टिकत न्हाई. उचलली की सुटती."

"त्यांना पीळ देता येत नसंल," द्वारका हळहळली. "मी दाखवून यायला पायजे होतं." मी तिला दटावलं, "तू उद्याचा पेपर बघ. तुला पेपरात नीट लिहिता आलं नाही तर त्यांच्या सगळ्या मोळ्या फुकट जातील." ती पुस्तक घेऊन बसली.

शेवटचा पेपर सकाळचा होता. बाहेर आली ती पिशवी घेऊनच. मैत्रिणी चहाला बोलावत होत्या, हिचं लक्ष नाही. म्हणाली, "मॅडम, मी तशीच निघते, सरांना सोडवते." मी म्हणाले, "थांब, मी पण येते. मला ते ध्यान बघायचंय."

हे सगळं होऊन पुष्कळ वर्षं झाली. सर पुढे निवृत्त झाले, आणि आता सर नाहीत. 'गेले' असं मी लिहीत नाही, त्यांना ते चाललं नसतं. त्यांच्या आजारपणात मी भेटून आले होते, पण ते भेटणं मी धरत नाही. शेवटचे सर म्हणून मला ते त्या फडातलेच आठवायचे असतात, आणि माझ्या आठवणीवर दुसऱ्या कुणाचा हुकूम चालत नाही.

फडावर पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला तोडून मोकळं झालेलं रान, मधे पाचटाचा खच. कोयत्यांचे आवाज येत होते, माणसं दिसत नव्हती. द्वारका बांधावर चढली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि सरांच्याच सुरात ओरडली,

"कम, बागवान सर!"

कोयते थांबले. मग उसाच्या आतून आवाज आला, तो स्टँडवरचा, पलीकडच्या फलाटावरचं गिऱ्हाईक वळवणारा.

"आलो!"

ऊस हलला आणि सर बाहेर आले. अंगात सोपानचा जुना सदरा, पोटावर न बसणारा. डोक्यावर प्राचार्यांनी सांगितलेली टोपी, तिच्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. मोळी मागून सुटत चाललेली, एकेक ऊस खाली पडतोय, आणि मागून सोपान ते गोळा करत येतोय. हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. चेहरा उन्हानं तांबडालाल. आणि हा माणूस हसतोय! मी इतकी हसले, इतकी हसले, आणि हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलंच नाही.

सरांनी मोळी टाकली. "पेपर कसा हुता?"

"सोपा होता, सर."

"मग तुझं काम घे बाई तू," सर म्हणाले, "हे लई अवघड हाय."

द्वारकानं ओढणी कमरेला खोचली. पडलेले ऊस सोपानकडून घेतले, उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या दोराला पीळ दिला, गुडघा दाबला, आणि बघता बघता मोळी अशी आवळली की तिच्यात बोट शिरलं नसतं. सर वाकून बघत होते. "पुन्हा दाखव," म्हणाले. तिनं पुन्हा दाखवलं.

निघायची वेळ झाली. सरांनी मोटरीवर हातपाय धुतले, आपला पांढरा शर्ट घातला, टोळीला नमस्कार केला. "येतो मंडळी."

मुकादमानं हात जोडले. "मास्तर, पाया पडतो, तेवढं सोडून बोला. एवढ्या बारीला जातो म्हणा!"

सगळी टोळी हसली. ट्रकमधली ती म्हातारीही तिथं होती, तिनं मुकादमाला "तुज्या जिभेला काय हाड" म्हणून झापलं. सर तर हसून हसून बांधावरच बसले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठले आणि ठासून म्हणाले, "येतो."

आम्ही पायवाटेला लागलो. सर दुखऱ्या पायानं हळू चालत होते, मी त्यांची पिशवी घेतली होती. पिशवीत भाभींसाठी दोन ऊस. बरंच पुढे आल्यावर मागून हाक आली.

"सर! येते!"

मी वळून पाहिलं. द्वारका डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीशी उभी होती. निघालो होतो आम्ही, ती तर तिथंच राहणार होती, तोड संपेपर्यंत. तरी म्हणाली, येते.

सर लगेच वळले नाहीत. चिंध्या बांधलेल्या बोटांनी खिशातला रुमाल काढायला बघत होते, तो निघेना. मीच काढून हातात दिला. त्यांनी डोळे पुसले, वळले, आणि दोन्ही हात वर करून सगळ्या शिवारात घुमेल असं ओरडले,

"ये!"

इंग्रजीत नाही. मराठीत.